त्वचारोग आणि स्टेम सेल: कोड, भाजणं, न भरणाऱ्या जखमा यांवरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचेच्या आजारांवर स्टेम सेलने खरंच उपचार होतात का?

काही आजारांवर होतात. बऱ्याच आजारांवर होत नाहीत, पण जाहिरात मात्र सगळ्यांचीच होते. जिथे हमखास काही साधलं आहे तिथे बहुतेक वेळा रुग्णाच्याच त्वचेतल्या पेशी घेऊन, त्यांच्यासाठी नीट जागा तयार करून, त्या त्वचेतच बसवलेल्या असतात. कुठून तरी आलेली बाटली शिरेतून चढवली आणि कोड, सोरायसिस किंवा इसब गेलं, असं अजून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ‘स्टेम सेल’ हा शब्द ऐकला की आधी विचारा: पेशी कुठली, कुठून काढली, मधे तिच्यावर काय केलं आणि ती कुठे सोडली? पुढची सगळी उत्तरं या चार प्रश्नांभोवतीच आहेत.

स्टेम सेल म्हणजे मूलपेशी ना? त्या त्वचेत असतात कुठे?

हो, मूलपेशीच. त्या मुख्यतः दोन ठिकाणी असतात. एक, बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात. तिथून नव्या पेशी वर सरकतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत बाह्यत्वचा नवी होते. दोन, केसाच्या मुळाच्या आवरणात. अंगावर काटा येतो तो ज्या बारीक स्नायूमुळे, तो स्नायू केसाच्या आवरणाला जिथे चिकटतो तिथे एक फुगवटा असतो. केस आणि त्वचा पुन्हा तयार करणाऱ्या पेशी तिथे असतात, आणि रंगपेशींच्या मूलपेशीही तिथेच.

गुडघा खरचटला तर आठवड्याभरात भरून येतो, कारण वरचा थर गेला तरी केसांची मुळं शाबूत असतात आणि प्रत्येक मुळातून त्वचा पसरते. खोल भाजल्यावर मुळंही जळतात. मग जखम फक्त कडेने आत भरत येते, म्हणून तिथे त्वचारोपण करावं लागतं.

डागातले केसही पांढरे झालेत. याचा उपचाराशी संबंध आहे का?

फार मोठा आहे. लाइट थेरपी (अतिनील किरणांचा उपचार) घेताना कोडाच्या डागात रंग परततो तो आधी केसांभोवती, तिळाएवढ्या ठिपक्यांनी. हे ठिपके म्हणजे केसाच्या मुळातून वर आलेल्या रंगपेशी. केस पांढरे झाले असतील तर त्या मुळातला साठा बहुधा संपलेला असतो. मग मलम आणि लाइटवर महिनोन्‌महिने घालवण्याआधी शस्त्रक्रियेचा विचार करावा. बोटांची टोकं, ओठ, तळहात इथे मुळात केसच नसतात. या जागा औषधांना दाद देत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच.

कोडाची ‘स्टेम सेल सर्जरी’ म्हणजे नेमकं काय?

हे नाव सैल आहे. बहुतेक ठिकाणी या नावाखाली केलं जातं ते पेशी-द्रावणाचं रोपण. मांडीवरून किंवा नितंबावरून त्वचेचा पातळ पापुद्रा काढतात, त्यातल्या पेशी सुट्या करतात आणि घासून तयार केलेल्या डागावर त्या सोडतात. द्रावणात त्वचेच्या साध्या पेशी असतात, रंगपेशी असतात आणि थोड्या मूलपेशीही असतात. पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या नसतात, त्याच दिवशी काढून त्याच दिवशी बसवतात. पद्धत चांगली आहे, भारतात ती वर्षानुवर्षं चालू आहे. फक्त तिला ‘स्टेम सेलचा चमत्कार’ म्हणून दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही.

याचीच एक वेगळी पद्धत केसांच्या मुळांपासून केली जाते. ती थोडी पुढे.

ही शस्त्रक्रिया कोणाला करता येते?

पहिली अट म्हणजे कोड स्थिर हवं. किमान एक वर्ष नवा डाग नाही, जुना वाढलेला नाही आणि खरचटलं, भाजलं तिथे डाग उमटलेला नाही. कडा धूसर असतील, डागाभोवती फिकट तिसरा रंग दिसत असेल किंवा कागदाच्या बारीक कपच्या उधळाव्यात तसे पांढरे ठिपके असतील, तर आजार चालू आहे. तेव्हा शस्त्रक्रिया करू नये. रुग्णाने कितीही घाई केली तरी.

शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखं येणारं कोड सर्वांत छान प्रतिसाद देतं. ते सहसा लवकर थांबतं आणि रोपणानंतर रंग टिकतो. स्थिरतेबद्दल शंका असेल तर डागात १ मिमीचे चार-पाच ठिपके रोपून तीन महिने पाहतात. ठिपक्यांबाहेर रंग पसरला तर पुढे जायला हरकत नाही. फुगून वाढणाऱ्या व्रणांची (केलॉइडची) प्रवृत्ती, रक्त पातळ करणारी औषधं, मागे भुलीच्या इंजेक्शनची झालेली ॲलर्जी या गोष्टी आधीच सांगा.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय काय करतात?

डाग ५० चौरस सेंमी, म्हणजे साधारण ७ बाय ७ सेंमी धरू. त्याला ५ ते १० चौरस सेंमी त्वचा लागते, कारण देणारी जागा आणि घेणारी जागा यांचं प्रमाण १:५ ते १:१० ठेवतात.

मांडीची जागा बधिर करून, त्वचा ताणून धरून ब्लेडने पापुद्रा काढतात. तो इतका पातळ हवा की काढताना त्याच्यातून ब्लेड दिसत राहिलं पाहिजे. जाड निघाला तर मांडीवर व्रण राहतो आणि पेशीही नीट सुट्या होत नाहीत.

पापुद्रा ०.२५ टक्के ट्रिप्सिनच्या द्रावणात, खालची बाजू द्रावणाला लागेल असा, ३७ अंशांवर ४५ मिनिटं ते तासभर ठेवतात. ट्रिप्सिन पेशींमधले सांधे सोडवतं. वेळ कमी पडली तर बाह्यत्वचा सुटत नाही आणि ओढाताण करावी लागते. जास्त झाली तर पेशीच मरतात. बेत जमला असेल तर चिमट्याने धरताच वरचा थर अलगद सुटून येतो. मग ट्रिप्सिन निष्प्रभ करतात किंवा धुऊन टाकतात आणि दोन्ही थरांच्या आतल्या बाजू पोषक द्रावणात खरवडतात. रंगपेशी तिथेच असतात. द्रावण गढूळ होतं. मोठे तुकडे काढून टाकून ते मिनिटाला १००० फेऱ्यांवर ५ ते १० मिनिटं फिरवतात. तळाशी बारीकसा गोळा बसतो, रंगाने बहुधा तपकिरी. वरचं पाणी ओतून तो गोळा अर्धा ते एक मिली द्रावणात मिसळतात. एवढंच. पूर्ण डागासाठी अर्धी सिरिंजही भरत नाही हे पाहून नातेवाइकांना फसवल्यासारखं वाटतं, पण द्रावण मुद्दामच थोडं ठेवतात. जास्त पातळ केलं तर ते वाहून जातं.

तोपर्यंत डाग यंत्राने किंवा लेझरने घासून तयार करतात. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके सगळीकडे सारखे दिसले की थांबायचं. घासताना कडेबाहेर काही मिलिमीटर जातात, नाहीतर नंतर डागाभोवती पांढरी कड उरते. रक्त थांबलं की द्रावण पसरवून वर कोरडं कोलॅजन, त्यावर व्हॅसलिन गॉज आणि पॅड. गाल-नाकासारख्या उतरत्या जागी द्रावण ओघळू नये म्हणून ते घट्ट करणारा पदार्थ घालतात.

पट्टी कधी निघते? रंग कधी येतो?

पट्टी साधारण सातव्या दिवशी. तोवर ती भिजवायची नाही, ओढायची नाही आणि तो भाग हलवायचा नाही. ओठांवर केली असेल तर द्रव आहार आणि मोजकंच बोलणं, सांध्यावर असेल तर फळी. पट्टीखालची त्वचा गुलाबी दिसते. ती काही अपयशाची खूण नाही. दोन-तीन आठवड्यांनी लाइट थेरपी, म्हणजे ३११ नॅनोमीटरचा अरुंद पट्ट्याचा यूव्हीबी, आठवड्यातून दोनदा-तीनदा सुरू करतात. रंग चौथ्या ते आठव्या आठवड्यात दिसू लागतो. आधी तो आजूबाजूपेक्षा गडद असतो, मग हळूहळू मिसळतो. पूर्ण जुळायला सहा महिने ते वर्ष.

हे मुद्दाम सांगायचं कारण, लग्न ठरलं की महिन्याभरात ‘करून टाका’ म्हणून येणारे बरेच असतात. एक महिना पुरत नाही. तारखेच्या निदान आठ-नऊ महिने आधी हे ठरवायला हवं.

सगळं करूनही रंग का येत नाही?

पहिलं कारण नेहमी तेच: कोड स्थिर नव्हतं. मग रोपलेल्या रंगपेशींवरही शरीराच्या संरक्षण-पेशी तसाच हल्ला करतात, आणि कधी कधी मांडीवर त्वचा काढलेल्या जागीही नवा डाग येतो. त्याखालोखाल कारण म्हणजे घासण्याची खोली. फार वर राहिलं तर पेशींना बसायला जागा मिळत नाही, फार खोल गेलं तर व्रण राहतो. पट्टी सरकणं, घामाने भिजणं, जंतुसंसर्ग यांनीही पेशी निघून जातात. आणि काही जागा मुळातच अवघड आहेत: बोटांचे सांधे, कोपर, गुडघे, घोटे. तिथे चेहऱ्यासारखा निकाल कोणी कबूल करत असेल तर जरा सांभाळून.

केसांच्या मुळातल्या पेशी वापरतात ती पद्धत वेगळी कशी?

डोक्याच्या मागच्या भागातून, केसरोपणात काढतात तशी एकेक मुळं काढतात. वीस-पंचवीस मुळं लहान डागाला पुरतात. ती ट्रिप्सिनमध्ये दीड तास ठेवतात आणि मधूनमधून नळी बदलतात, म्हणजे आधी सुटलेल्या पेशी ट्रिप्सिनमध्ये होरपळत नाहीत. मग ७० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून फिरवतात. दिल्लीच्या एम्समध्ये यावर बरंच काम झालं आहे. फायदा असा की मूलपेशींचा खरा साठा वापरला जातो आणि मांडीवर जखम होत नाही. तोटा असा की वेळ खूप लागतो, हात बसलेला लागतो, आणि मोठ्या डागाला तेवढ्या पेशी जमत नाहीत. आमच्या मते पापण्या-भुवयांजवळच्या छोट्या डागांसाठी ही पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. पाठभर कोड असेल तर नाही.

एकदा रंग आला की कोड परत येत नाही ना?

येऊ शकतं. रोपणाने गेलेल्या पेशी परत दिल्या, हल्ला थांबवला नाही. म्हणूनच एक वर्षाची अट. हल्ला रोखण्याचं काम औषधांचं आहे. त्यातलं रुक्सोलिटिनिब १.५ टक्के मलम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये बारा वर्षांवरच्या रुग्णांच्या कोडासाठी मंजूर झालं. त्यात स्टेम सेलचा काही संबंध नाही.

दूध, मासे, लिंबू बंद करायचं का?

नाही.

सलाईनमधून स्टेम सेल देऊन सोरायसिस, इसब, कोड बरं करतात म्हणे?

या उपचारात बहुधा अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून काढलेल्या मेसेंकायमल पेशी असतात. त्या त्वचेत जाऊन त्वचा बनत नाहीत. शिरेतून दिल्यावर त्यांतल्या बऱ्याच पेशी आधी फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यांचा परिणाम होतो तो त्या सोडत असलेल्या रसायनांमुळे, दाह थोडा शांत करण्यापुरता. हा गुण खोटा नाही. हाडमज्जा-रोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णावरच उलटतात तेव्हा त्वचा, आतडी, यकृत यांना गंभीर इजा होते. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या अशा मुलांसाठी अमेरिकेने डिसेंबर २०२४ मध्ये या प्रकारच्या पेशींचं एक औषध मंजूर केलं. पण इसबावर दक्षिण कोरियात झालेली तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०१९ मध्ये मुख्य उद्दिष्ट गाठू शकली नाही. भारतात कोड, सोरायसिस किंवा इसब यांसाठी असं कोणतंही औषध मंजूर नाही.

खूप भाजलेल्या माणसाला स्टेम सेलचा काय उपयोग?

खरं तर हा सगळा इतिहास इथूनच सुरू होतो. जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावर वाढवून दाखवल्या. १९८० च्या दशकात ९५ टक्क्यांहून जास्त भाजलेल्या दोन मुलांना त्यांच्याच त्वचेपासून वाढवलेल्या पापुद्र्यांनी वाचवता आलं.

अडचणी मात्र आजही त्याच आहेत. पापुद्रे तयार व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात आणि तोवर रुग्णाला जंतुसंसर्गापासून सांभाळावं लागतं. पापुद्रे काही पेशींच्या जाडीचे असतात. खाली अंतस्त्वचा नसेल तर ते धरत नाहीत, घासताच फोड येतात, संसर्ग झाला तर विरघळल्यासारखे नाहीसे होतात. म्हणून जाळीसारख्या ताणलेल्या साध्या रोपणासोबत ते वापरतात. ऑस्ट्रेलियात पर्थच्या फियोना वूड यांच्या कामातून पुढे आलेली फवारण्याची पद्धत वेगळी: थोड्याशा त्वचेतून अर्ध्या तासाच्या आसपास पेशी सुट्या करून जखमेवर फवारायच्या. त्यात देणाऱ्या आणि घेणाऱ्या जागेचं प्रमाण १:८० पर्यंत जातं. अमेरिकेत ही पद्धत भाजण्यासाठी २०१८ मध्ये आणि कोडासाठी २०२३ मध्ये मंजूर झाली. तत्त्व वर सांगितलेल्या कोडाच्या द्रावणाचंच.

मग त्वचा-बँकेतली त्वचा कशाला लागते?

ते तीन आठवडे काढायला. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० पासून त्वचा-बँक आहे आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाय, मांड्या आणि पाठीवरून पातळ त्वचा घेतात आणि ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ४ अंशांवर ठेवतात. त्यातल्या पेशी जिवंत नसतात, मूलपेशीही नाहीत. त्यामुळे ही त्वचा कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवड्यांत गळून पडते. तेवढ्या काळात पाणी आणि प्रथिनं झिरपणं थांबतं, वेदना कमी होतात, आणि रुग्णाची स्वतःची त्वचा घ्यायला अवधी मिळतो. सगळ्या चर्चेत सर्वांत कमी झगमगाट असलेली आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारी गोष्ट हीच.

जन्मापासून अंगावर फोड येणाऱ्या मुलांसाठी काही आहे का?

एपिडर्मोलिसिस बुलोझा म्हणजे त्वचेचे थर धरून ठेवणारं प्रथिनच सदोष असण्याचा आजार. २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम इथे सात वर्षांच्या एका मुलाची बहुतांश बाह्यत्वचा गेली होती. इटलीतल्या मोदेना इथल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने त्याच्या त्वचेचा सुमारे ४ चौरस सेंमी तुकडा घेतला, पेशींमध्ये दुरुस्त जनुक घातलं, पापुद्रे वाढवले आणि अंगाच्या सुमारे ८० टक्के भागावर ते बसवले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट अशी: रोपलेल्या पेशींपैकी बहुतेक काही महिन्यांत झडून गेल्या, आणि पुढची सगळी त्वचा मोजक्या, दीर्घायुषी मूलपेशींपासून वाढली. म्हणजे पापुद्रा केवढा मोठा याला महत्त्व नाही, त्यात खऱ्या मूलपेशी किती यालाच आहे.

एप्रिल २०२५ मध्ये याच आजाराच्या दुसऱ्या प्रकारावरचे जनुक दुरुस्त केलेले पापुद्रे अमेरिकेत मंजूर झाले. जनुक असलेलं जखमेवर लावायचं जेल त्याआधी, मे २०२३ मध्ये. तेही उपयोगी आहे, पण त्यात पेशी नाहीत. अशा मुलाच्या घरी आज करण्यासारखं म्हणजे न चिकटणाऱ्या पट्ट्या, निर्जंतुक सुईने फोड फोडून वरची साल तशीच ठेवणं, आणि जनुक तपासणी करून नेमका प्रकार माहीत करून घेणं. प्रकार माहीत नसेल तर नवे उपचार आले तरी ते कोणासाठी हे कळणार नाही.

त्वचा दगडासारखी कडक होण्याच्या आजारावर?

सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात रुग्णाच्याच रक्त-मूलपेशी काढून ठेवतात, जोरदार औषधांनी बिघडलेली प्रतिकारशक्ती पुसतात आणि पेशी परत देतात. त्वचा मऊ होते, आयुष्य वाढतं. पण युरोपातल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत रोपण झालेल्यांपैकी सुमारे १० टक्के पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले. निवडक रुग्ण, हृदय-फुप्फुसांची कडक तपासणी आणि अनुभवी रोपण-केंद्र, याशिवाय नाही.

पायाची जखम भरत नाही, स्टेम सेल घेऊ का?

आधी कारण शोधा. तंबाखू-बिडीमुळे होणारा बर्गर आजार किंवा रक्तवाहिन्या कडक होणं यामुळे पायाचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर अशा रुग्णांसाठी बेंगळुरूत विकसित झालेलं अस्थिमज्जेच्या पेशींचं औषध भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०२० मध्ये मंजूर केलं आहे. ते पोटरीच्या स्नायूत आणि जखमेभोवती टोचतात. बिडी चालू ठेवली तर त्याचाही उपयोग होत नाही. मधुमेहाच्या जखमेत साखर, जंतुसंसर्ग आणि पायावरचा दाब हे तीन सांभाळल्याशिवाय कशाचाच होत नाही.

पीआरपी, एक्झोसोम, सफरचंदाच्या स्टेम सेलचं क्रीम?

पीआरपी म्हणजे रक्तातले प्लेटलेट, त्यांना केंद्रकही नसतं, त्या मूलपेशी नव्हेत. एक्झोसोम म्हणजे पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या. त्यांचं एकही इंजेक्शन त्वचेसाठी मंजूर नाही. क्रीममध्ये वनस्पतीच्या पेशींचा अर्क असतो, जिवंत पेशी नव्हे. असत्या तरी सफरचंदाच्या पेशीतून माणसाची त्वचा कशी होणार?

बाळाच्या नाळेचं रक्त त्वचेच्या आजारांसाठी साठवावं का?

त्यासाठी नको. तसा कोणताही सिद्ध उपयोग नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नाळेच्या रक्ताखेरीज दात, चरबी, मासिक पाळीचं रक्त यांची व्यावसायिक साठवण करायलाही परवानगी नाही.

क्लिनिकने सुचवलेला उपचार कायदेशीर आहे हे कसं ओळखायचं?

त्याच तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं रोपण सोडलं, तर स्टेम सेल उपचार मंजूर औषध म्हणून किंवा नोंदणीकृत चाचणीतच देता येतो. चाचणी म्हणत असतील तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि तो संकेतस्थळावर स्वतः शोधा. आजाराचं नाव जुळतं का तेही पाहा. सांधेदुखीच्या चाचणीचा क्रमांक कोडाच्या रुग्णाला दाखवतात असंही होतं. नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि तुमच्या भाषेतलं संमतीपत्र मागा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. ‘चाचणी आहे, पण पॅकेज इतकं’ असं ऐकलं की तिथून उठावं.

पैसे भरून उपचार घेतलाही. आता काय?

ताप, श्वास लागणं, टोचलेल्या जागी गाठ किंवा पू असेल तर लगेच सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयात जा आणि काय दिलं ते सांगा. लपवू नका. बिलं, संमतीपत्र, पेशींच्या कुपीवरचं लेबल, बॅच क्रमांक, जाहिरातीचे फोटो एकत्र ठेवा. लेबल दिलं नसेल तर लेखी मागा, नकार मिळाला तर तोही नोंदवा. तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आणि डॉक्टरविरुद्ध असेल तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. आणि कोडाच्या मूळ उपचारात खंड पडला असेल तर तो आधी पुन्हा सुरू करा. डाग वाढत असताना नुसती वाट पाहण्यात केसांच्या मुळांतला उरलेला साठाही जातो.